तिवरांची पाने आणि अळीचा हिशेब

मुंबईहून नवी मुंबईकडे जाणारा प्रवासी वाशीच्या किंवा ऐरोलीच्या पुलावर आला, की ठाणे खाडीच्या काठाने पसरलेले तिवरांचे दाट हिरवे बन त्याच्या दृष्टीस पडते. पावसाळा ओसरू लागला, भाद्रपद-आश्विनाचे दिवस आले, की काही वर्षी या बनाचा मोठा पट्टा अकस्मात तपकिरी होतो. वणवा लागून गेला असावा तशी झाडे उघडी पडतात. पानांच्या जागी केवळ शिरांच्या जाळ्या उरतात. मग तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो, कारखान्यांच्या पाण्याने झाडे मेली. कोणी म्हणतो, जमिनीच्या लोभाने कोणीतरी विष टाकले. काही मंडळी तर एवढ्यावरच निकाल देऊन मोकळी होतात, की हे बन आता संपले.

या तर्कांपैकी एखादा क्वचित खराही ठरू शकतो. परंतु पावसाळ्याच्या अखेरीस दिसणाऱ्या या तपकिरी रंगामागे पुष्कळदा कारण असते ते एका लहानशा अळीचे. ही अळी कोण, ती झाडाचे नेमके किती नुकसान करते आणि तिच्या नुकसानीचा हिशेब चुकीचा मांडला तर त्यातून कोणता अनर्थ संभवतो, हे समजून घेणे खाडीकाठी राहणाऱ्या व व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

तिवराची ओळख

खाऱ्या पाण्यात व चिखलात वाढणाऱ्या वृक्षांना आपण सामान्यतः खारफुटी म्हणतो आणि त्यांच्या वनाला कांदळवन. पण खारफुटी हे एका झाडाचे नाव नव्हे. कांदळ, तिवर, चिप्पी, काजळा, किरकिरी अशी अनेक झाडे त्यात येतात. यांपैकी पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. मुंबई, ठाणे व रायगडच्या खाड्यांत मात्र सर्वाधिक दिसते ते तिवर. शास्त्रीय परिभाषेत त्याचे नाव अ‍ॅव्हिसेनिया मरिना. थोर वैद्य व तत्त्वज्ञ इब्न सिना याच्या नावावरून ते पडले आहे.

तिवराची रचना मोठी विलक्षण आहे. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून त्याची मुळे जमिनीतून पेन्सिलीसारखी वर येतात आणि त्यांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून श्वास घेतात. समुद्राच्या पाण्यातले बहुतेक मीठ मुळेच बाहेर अडवतात. जे आत शिरते, त्यातील बरेचसे पानांवरच्या क्षारग्रंथी बाहेर टाकतात. म्हणून कोरड्या दिवसांत तिवराच्या पानाला जीभ लावली तर ते खारट लागते. एवढ्या परिश्रमाने बनवलेले पान झाडाच्या दृष्टीने मोलाची मत्ता असते.

हे पान कांदळाच्या पानापेक्षा मऊ असते. त्यात नत्र अधिक आणि तुरट टॅनिन कमी. त्यामुळे खाणाऱ्यांना ते रुचते. कोकणात गुरांसाठी तिवराचा पाला तोडण्याची चाल जुनी आहे. कच्छच्या किनाऱ्यावरचे खराई उंट तर भरतीच्या पाण्यातून पोहत जाऊन तिवराचा पाला खातात. या उंटाला २०१५ साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. जे गुरांना व उंटाला रुचते, ते कीटकांनाही रुचते.

ही अळी कोण?

तिवरांचे पट्टेच्या पट्टे उघडे करणाऱ्या अळीचे शास्त्रीय नाव हायब्लिया प्युएरा. आपल्याकडील वनाधिकारी तिला फार पूर्वीपासून ओळखतात, पण ते सागाची वैरीण म्हणून. सागाच्या कोवळ्या पानांवर पिढ्यान्‌पिढ्या गुजराण करणारी हीच अळी मुंबईच्या खाड्यांत तिवरावर उतरते. साग डोंगरउतारावरचा आणि तिवर खाजणातला. दोघांचा संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी साग, तिवर आणि आपल्या परिचयाची निर्गुडी या तिघांनाही एकाच कुलात घातले होते. आज तिवराचे कुल वेगळे मानले जाते, तरी दूरचे नाते कायम आहे. माणसाने ग्रंथांत नोंदवलेले नाते अळीला चवीने कळत असावे.

तिचा पतंग दिसायला साधा. पुढचे पंख राखी-तपकिरी, झाडाच्या सालीत मिसळून जाणारे; ते उघडले की मागच्या काळ्या पंखांवरील नारिंगी-पिवळे पट्टे चमकतात. मादी कोवळ्या पानांच्या शिरांलगत एकेक करून शेकडो अंडी घालते. अळी बाहेर पडली की पानाची कड कापून ती दुमडते, रेशमी धाग्याने चिकटवते आणि त्या घडीच्या आडोशाने पान खाते. मोठी झाली की मधली शीर व जाड शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. अनुकूल हवामानात अळीची अवस्था दोन आठवड्यांच्या आत पूर्ण होते आणि अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा साधारण तीन-चार आठवड्यांत संपतो. एकाच वेळी जन्मलेल्या असंख्य अळ्या एकाच वेळी मोठ्या होतात. त्यामुळे काल हिरवे असलेले बन आठवड्याभरात तपकिरी दिसते. हा आकस्मिकपणाच माणसाला घाबरवतो.

हा प्रकार केवळ आपल्याच किनाऱ्यावर घडतो असेही नाही. ब्राझीलच्या उत्तर किनाऱ्यावर तिवराच्याच एका भावंडाची पाने याच नावाच्या पतंगाच्या अळ्यांनी मोठ्या प्रमाणावर फस्त केल्याची नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली. हाँगकाँगच्या खाजणात आपल्याकडचेच तिवर दुसऱ्या एका पतंगाच्या अळ्यांनी उघडे केले. त्यावरील शोधनिबंध १९९५ सालचा आहे. थायलंड व सुमात्रा येथूनही अशा घटना नोंदवल्या गेल्या आहेत.

नुकसान मोजायचे कसे?

कीटकांनी पानांचे किती नुकसान केले, हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. झाडावरची शंभर पाने घ्यावीत, त्यांतील भोके मोजावीत आणि टक्केवारी काढावी. बराच काळ अभ्यासक असेच करत आले. पण या रीतीत दोन उणिवा आहेत, आणि ज्याने हिशेबाच्या वह्या हाताळल्या आहेत त्याला त्या लगेच कळतील.

पहिली उणीव अशी, की कोवळ्या पानाला पडलेले भोक पानाबरोबर वाढते. अळीने खाल्ला तिळाएवढा भाग, पण पान पूर्ण वाढल्यावर भोक दिसते वाटाण्याएवढे. म्हणजे येथे खर्च प्रत्यक्षापेक्षा अधिक लिहिला जातो. दुसरी उणीव याच्या उलट आहे. जे पान अळीने देठापर्यंत खाल्ले, किंवा अर्धे खाल्ल्यावर जे अकाली गळून पडले, ते मोजणाऱ्याच्या हाती लागतच नाही. वहीत ज्याची नोंदच नाही, तो खर्च बेरजेत येणार कसा? ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे डेमियन बरोज या संशोधकाने आपल्या २००३ सालच्या प्रबंधासाठी तिवर व कांदळवर्गीय झाडांची पाने उगवल्यापासून गळेपर्यंत सतत नजरेखाली ठेवली. एका दिवशी पाने तोडून काढलेल्या आकड्यापेक्षा या रीतीने आलेले नुकसान कितीतरी अधिक निघाले.

एका दिवसाची शिल्लक पाहून वर्षाचा व्यवहार कळत नाही, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. वनाच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो, आणि तो दोन्ही बाजूंनी लागू पडतो. हिरवे दिसणारे बन रोज थोडे थोडे खाल्ले जात असते, आणि तपकिरी दिसणारे बन मेलेले असतेच असे नाही.

मुद्दल आणि व्याज

सागाच्या बाबतीत या अळीने होणारे नुकसान आपल्या देशात काटेकोरपणे मोजले गेले आहे. केरळ वन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निलांबूर येथील चार ते नऊ वर्षे वयाच्या सागाच्या लागवडीत काही झाडे अळीपासून सुरक्षित ठेवली व काही तशीच सोडली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीतील सुमारे ४४ टक्के वाढ हातची गेली. आकडा मोठा आहे. तथापि पानांचा असा फडशा पडूनही सागाची झाडे सामान्यतः मरत नाहीत. त्यांची वाढ तेवढी खुंटते. मुद्दल शाबूत राहते, व्याज बुडते.

तिवराचेही बहुधा असेच होते. त्याच्या फांद्यांवर व खोडावर सुप्त डोळे असतात. पाने गेली की हे डोळे जागे होतात आणि काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. दिवाळीच्या सुमारास त्याच वाटेने जाणाऱ्या प्रवाशाला ते बन पुन्हा हिरवे दिसते आणि मधल्या काळातली भीती तो विसरून जातो. कांदळाला ही सोय नाही. त्याच्या जुन्या फांद्यांवरचे राखीव डोळे नष्ट झालेले असतात, त्यामुळे जुनी फांदी छाटली तर तिला पुन्हा फूट येत नाही. त्याने आपली पाने जाड व तुरट केली. तिवराने ती मऊ ठेवली, पण पुन्हा उभे राहण्याची ताकद जपली. एकाने तिजोरीला मोठे कुलूप लावले, तर दुसऱ्याने गंगाजळी राखून ठेवली.

अर्थात नवी पालवी फुकट येत नाही. खोडात व मुळांत साठवलेली पिष्टमय द्रव्ये त्यासाठी खर्च होतात. फुलाफळांच्या वाट्याचे अन्न पालवीकडे वळते, म्हणून बी कमी धरते. एकाच हंगामात अळीच्या दोन पिढ्या लागोपाठ आल्या, तर ही गंगाजळी आटत जाते. म्हणून नुकसान नाही असे म्हणणेही बरोबर नव्हे. नुकसान आहे, परंतु निरोगी झाड ते सोसू शकते.

खाल्लेले पान जाते कुठे?

हिशेबाची दुसरी बाजू क्वचितच पाहिली जाते. अळीने पान खाल्ले म्हणजे ते नाहीसे झाले असे नाही. ते विष्ठेच्या बारीक दाण्यांच्या रूपाने चिखलावर पडते. एरवी पिकलेले पान गळण्याआधी झाड त्यातील बरेचसे नत्र व स्फुरद परत ओढून घेते आणि उरलेले पान खाली सोडते. ते चावून खायला खेकडे असतात आणि कुजवायला जिवाणू व बुरशी असतात. पानाच्या या चुऱ्यावर कोळंबी, खेकडे, निवट्या आणि माशांची पिले वाढतात. खारफुटीच्या गळालेल्या पानांवर खाडीतले जीवन उभे असते, ही गोष्ट एरिक हील्ड व विल्यम ओडम यांनी फ्लोरिडातील अभ्यासातून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आणली.

अळ्यांचा उद्रेक झाला की हाच व्यवहार घाईने होतो. पोषक द्रव्ये परत ओढून घेण्यास झाडाला सवड मिळत नाही. ती सारी विष्ठेवाटे चिखलात उतरतात. काही त्याच झाडाच्या मुळांना परत मिळतात, काही भरती-ओहोटीबरोबर खाडीत जातात. शिवाय अळ्या हे पक्ष्यांचे अन्न ठरते, आणि वरचे छत विरळ झाल्याने खालच्या रोपांना ऊन मिळते. कोईमतूरच्या सलीम अली पक्षिशास्त्र व निसर्ग इतिहास केंद्रातील संशोधनातून २०१२ साली या विषयावर जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात खारफुटीवरील या उद्रेकाच्या तोट्यांबरोबर लाभांचाही विचार केला आहे. झाडाच्या खात्यात जो खर्च पडतो, त्याचा काही भाग खाडीच्या खात्यात जमा होतो.

फवारणी का करू नये?

बन तपकिरी दिसू लागले की औषध फवारा, अशी मागणी होते. जीवहिंसेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी निव्वळ हिशेबाच्या दृष्टीनेही हा सौदा तोट्याचा आहे. कोळंबी व खेकडे हे शरीररचनेने कीटकांचे जवळचे नातेवाईक होत. ज्या औषधाने अळी मरते, त्यातील पुष्कळ औषधे त्यांनाही मारक ठरतात. शेतातील फवारणी निदान काही अंशी शेतात राहते. खाजणातील फवारणी दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीबरोबर थेट खाडीत उतरते आणि कोळी बांधवांच्या जाळ्यापर्यंत जाते.

दुसरे असे, की या अळीचे नैसर्गिक वैरी पुष्कळ आहेत. पक्षी तिला टिपतात. परोपजीवी माश्या व गांधीलमाशीच्या जातीचे बारीक कीटक तिच्या अंगात अंडी घालतात. तिला एका विषाणूचा रोगही होतो. केरळच्या उपरोक्त संस्थेने सागासाठी त्याच विषाणूचा उपयोग करून पाहिला आहे. पाने शिवून घरटे करणाऱ्या लाल मुंग्या ज्या झाडावर असतात, त्या झाडाची पाने कीटक कमी खातात, असे थायलंडमधील कांदळांवर दिसून आले आहे. औषधाने अळीबरोबर हे सारे रखवालदारही मरतात, आणि पुढच्या वर्षी अळी एकटीच परत येते.

थकीत आणि बुडीत

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बँकेच्या व्यवहारात थकीत खाते आणि बुडीत खाते यांत काटेकोर भेद केला जातो. दोन हप्ते चुकले म्हणून कोणी कर्जदाराला दिवाळखोर ठरवत नाही; त्याचा धंदा चालू आहे का, माल हलतो आहे का, हे आधी पाहिले जाते. तिवरांच्या बनाकडेही याच दृष्टीने पाहावे. अळीने उघडे केलेले बन हे थकीत खाते होय. ज्या बनाची भरती अडवली गेली, ते बुडण्याच्या मार्गावरचे खाते.

दोहोंतील फरक ओळखण्यास शास्त्रज्ञ असावे लागत नाही. अळीने खाल्लेल्या बनात तिवर तेवढे तपकिरी दिसते. शेजारचे कांदळ व चिप्पी हिरवे असतात. फांदीवर शिरांची जाळी राहिलेली पाने लटकत असतात, खाली विष्ठेचे काळसर दाणे आणि वर पक्ष्यांची गर्दी असते. फांदीची साल नखाने किंचित खरवडली तर आत हिरवी ओल दिसते. काही आठवड्यांत पालवी येते.

भरती अडवलेल्या बनाची लक्षणे वेगळी असतात. तेथे सर्वच जातींची झाडे एकत्र सुकतात. पाने खाल्लेली नसतात. ती पिवळी पडून अखंड गळतात. श्वसनमुळे साचलेल्या पाण्यात बुडालेली किंवा राडारोड्याखाली गाडलेली असतात आणि जवळच नवा बांध, भराव किंवा बुजवलेला नाला आढळतो. साल कोरडी पडते आणि पालवी येत नाही. असे बन मेले, तर तो अपराध अळीचा नव्हे.

दोन्ही संकटे एकत्र आली, म्हणजे भरतीही तुटली आणि अळीही आली, तर आधीच गुदमरलेल्या झाडापाशी पालवीसाठी गंगाजळी उरत नाही. अशा वेळी शेवटचा घाव अळीचा दिसतो आणि भराव टाकणारा नामानिराळा राहतो.

जमीन आणि कायदा

हा भेद कळणे व्यापारी कुटुंबांना विशेष आवश्यक आहे. पनवेल, उरण, भिवंडी या पट्ट्यात गोदामासाठी किंवा कारखान्यासाठी जागा पाहताना खाडीलगतचा तुकडा स्वस्तात सांगितला जातो. येथील खारफुटी रोगाने मेली, आता जागा मोकळी आहे, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि वनाच्या सर्व बाजूंनी ५० मीटरपर्यंत बांधकामास व राडारोडा टाकण्यास बंदी घातली. जमीन कोणाच्या मालकीची आहे याने त्यात फरक पडत नाही. सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने हे संरक्षण कायम केले, कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे सांगितले, आणि नष्ट केलेली वने पुन्हा उभी करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. झाड आज दिसत नाही म्हणून जमीन मोकळी होत नाही. अशा जागेत गुंतवलेले भांडवल अडकते, ते सहजी सुटत नाही.

ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर स्थळांत त्याची गणना झाली. अशा परिसरातील झाडांची मृत्युपत्रे परस्पर लिहिण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आपण काय करावे?

पावसाळ्याच्या अखेरीस बन तपकिरी दिसले तर प्रथम घाबरू नये आणि इतरांनाही घाबरवू नये. त्याच जागेचे छायाचित्र तारखेसह घेऊन ठेवावे आणि महिन्याभराने त्याच ठिकाणाहून दुसरे घ्यावे. पालवी आली असेल तर ती अळी होती. विषय तेथे संपला. पालवी नसेल, किंवा जवळ भराव व बांध दिसत असेल, तर दोन्ही छायाचित्रांसह वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. मुलांना सहलीस नेताना शिरांची जाळी उरलेले एखादे पान अवश्य दाखवावे; परीक्षेच्या पुस्तकात न मिळणारा धडा त्यात आहे.

खाते उघडून नीट पाहिल्याखेरीज ते बुडाले असे लिहू नये, हा पेढीवरचा जुना दंडक आहे. तिवरांच्या बनालाही तेवढा न्याय मिळाला पाहिजे.